मदत हवी आहे: अख्खा बोकड फार्मवरून घेतल्यास मटण थंड कसं करायचं?

तीन घरांत मिळून फार्मवरून थेट बोकड घ्यायचा आहे. जिवंत वजन 25 किलो धरलं, तर मुंडी, पाय, कातडं, आतडी वजा जाता साधारण 11-12 किलो मटण हाती येतं. म्हणजे जिवंत वजनाचा दर दुप्पट करून, वर कापणावळ धरूनच दुकानाच्या दराशी ताडून बघायचं. कलेजी-गुर्दे कोणाकडे जाणार हे आधीच ठरवणार, नाहीतर वाटे घालताना वाद ठरलेला!

अडतंय ते फ्रीझिंगपाशी. ताजं, गरम मटण थेट फ्रीझरमध्ये टाकलं की स्नायू आखडतात आणि मटण चिवट होतं. म्हणून आधी 24 तास 0 ते 4 अंशांवर ठेवायला हवं. पण घरच्या फ्रिजमध्ये 4 किलो गरम मटण एकदम कोंबलं तर आतलं तापमानच चढतं.

फ्रीझरसाठी अर्ध्या किलोची चपटी, हवा काढलेली पाकिटं करणार आहे. जाड गोळा हळू गोठतो आणि वितळताना पाणी सोडतो.

फार्मवाल्याकडूनच थंड करून घ्यावं, की बर्फाच्या पेटीत आणावं? पेटीत वितळलेलं पाणी मटणाला लागू नये म्हणून काय करता? आणि मांडी, चाप, सीना, नळ्या तिघांत सारख्या कशा वाटता?