आठवड्यातून दोन दिवस कॉलेज घरून: मुंबईत जमेल का?

बदलापूर_स्लो:
मे २०२१ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एक मसुदा काढला होता. कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता यावा, उरलेला वर्गात. तेव्हा कोविडच्या गडबडीत तो कोणी धड वाचला नाही. पुढे ऑक्टोबरात कॉलेजं उघडली आणि सगळं पहिल्यासारखं सुरू झालं.

माझं म्हणणं, मुंबईतल्या कॉलेजांनी आठवड्याचे दोन दिवस ऑनलाइन करूनच टाकावेत. बदलापूर, आसनगाव, विरारकडून टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत येणारी पोरं दिवसाचे तीन-तीन तास गाडीत काढतात, तेही बहुतेक उभ्याने. पहिल्या लेक्चरला जांभया द्यायच्या आणि कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर यादीत नाव नको म्हणून शेवटच्या लेक्चरपर्यंत बसून राहायचं. ७५ टक्के हजेरी भरते, डोक्यात काय शिरतं ते विचारू नका.

खडूवाली:
साफ असहमत. "घरून" म्हणजे नक्की कुठून? मी परळ भागात शिकवते. लॉकडाऊनमध्ये माझी एक विद्यार्थिनी चाळीच्या जिन्यात बसून लेक्चरला यायची. खोलीत पाच माणसं, आणि शेजाऱ्यांचं वायफाय त्या जिन्यातच पकडायचं. कोणी हंडा घेऊन वर चढलं की ही फोन छातीशी धरून भिंतीला चिकटायची, आम्हाला स्क्रीनवर फक्त ओढणी दिसायची. कॉलेज उघडल्यावर पहिली आली ती हीच. तुमच्यासाठी तीन तास वाया जातात, तिला तेवढाच वेळ घराबाहेर मिळतो.

बदलापूर_स्लो:
@खडूवाली, मग त्या दोन दिवशी लायब्ररी आणि कॉम्प्युटर लॅब उघडी ठेवा ना. ज्याला यायचंय तो येईल. सगळ्यांना घरी बसवा असं मी कुठे म्हटलंय?

खडूवाली:
आमच्या लायब्ररीत परीक्षेच्या दिवसांत जागा धरायला बॅगा ठेवतात. असो.

टीवाय_बीकॉम:
मी सकाळी कॉलेज, दुपारनंतर अंधेरीत नोकरी करतो. मला लाइव्ह ऑनलाइन लेक्चरचा काडीचा उपयोग नाही, कारण त्या वेळी मी वर्गातही पोचू शकतो. मला रेकॉर्डिंग हवंय. कॉस्टिंगचं गणित रात्री अकराला तीनदा मागे घेऊन बघता आलं पाहिजे. आत्ता त्यासाठी कुठल्या तरी यूट्यूबवाल्या सरांकडे जावं लागतं आणि ते आमच्या सिलॅबसचं नसतं.

तासिकावाला:
रेकॉर्डिंगवरच यायचं होतं मला. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टी पडली की शून्य. आज मी अख्खं युनिट रेकॉर्ड करून दिलं तर पुढच्या वर्षी मॅनेजमेंट मला कशाला बोलावेल? व्हिडिओ आहेच त्यांच्याकडे. पूर्णवेळ जागा रिकाम्या ठेवून तासिकांवर ढकलगाडी चालली आहे, त्यात हे ४० टक्के म्हणजे आयतं कोलीत. मुलांच्या प्रवासाची कळकळ वगैरे ठीक आहे, पण पहिली कात्री कोणावर चालणार ते मला दिसतंय.

टीवाय_बीकॉम:
सर, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण मग रेकॉर्डिंगचे वेगळे पैसे मागा ना. आमची फी तर पूर्णच घेतात.

ब्युरेट_पिपेट:
केमिस्ट्रीवाल्यांनी काय करायचं? टायट्रेशनचा एंड पॉइंट, म्हणजे रंग पालटण्याचा नेमका थेंब, व्हिडिओत बघून येत नाही. एक थेंब जास्त पडला आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला, की हात आपोआप शिकतो. थिअरी ठेवा ऑनलाइन, पण प्रॅक्टिकलच्या दिवसाला हात लावू नका.

सावंतवाडीकर:
सगळी चर्चा लोकल ट्रेनवर. मुंबई विद्यापीठ सिंधुदुर्गापर्यंत पसरलंय हो! आमच्याकडे पावसात वीज गेली की पाठोपाठ रेंज जाते. नियम टाउनच्या पोरांसाठी करणार आणि परिपत्रक आम्हालाही लागू होणार.

बदलापूर_स्लो:
@सावंतवाडीकर, मान्य. म्हणून तर किती टक्के ते कॉलेजने ठरवावं, विद्यापीठाने नाही. मसुद्यातही "४० टक्क्यांपर्यंत" आहे, "४०च" नाही. @तासिकावाला, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पूर्णवेळ भरती ही मागणी कोविडच्या आधीपासूनची आहे. ती पुरी होईपर्यंत पोरांनी लटकतच यायचं का?

तासिकावाला:
लटकत मीही येतो, डोंबिवलीहून. ऑनलाइन तासाला पूर्ण मानधन, आणि माझा व्हिडिओ माझ्या लेखी परवानगीशिवाय पुढच्या बॅचला दाखवायचा नाही, एवढं कागदावर द्या. उद्या सही करतो.

खडूवाली:
हे आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं होतं. उत्तर आलं, "वरून परिपत्रक आलं की बघू." मग चहा आला.