होमरला हॅलिबट: शिसं तळाला टिकत नाही, काय करावं?

सुकती_भरती
जुलैअखेर अलास्कात होमरहून बोट घेऊन दोन दिवस हॅलिबट (तळाला राहणारा मोठा चपटा मासा) गरवायचा, मग सिवर्ड बंदरात सिल्व्हर सामन, असा बेत आहे. दीडशे-दोनशे फूट पाण्यात पाऊण किलोचं शिसं लावलं तरी दोर तिरका जातो. दोर ६० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन), गळ १६/० मापाचा सर्कल (टोक आत वळलेला), आमिष अख्खं हेरिंग (छोटा मासा). मासा आमिष ओढतो, पण अडकत नाही. शिसं वाढवू की जागा बदलू?

भांगाचं_पाणी
आधी तारीख बदला. होमरच्या कुक इनलेट खाडीत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक २० फुटांच्या वर जातो, त्या ओढीत कुठलंच शिसं टिकणार नाही. आपल्या कोळ्यांचं गणित तिथेही चालतं: अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, ते धरा. त्यातही पाणी थांबतं त्याच्या तासभर आधी आणि तासभर नंतर, एवढीच खरी वेळ.

मोनो काढून ८० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोर भरा. तो बारीक असल्याने पाण्याची ओढ कमी बसते. शिसं १ ते दीड किलो. तेवढ्यानेही तळ लागला नाही तर थांबा, पाणी मंदावू द्या. आणि नांगर नेहमी नाळेकडूनच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडूनच टाका. मागून बांधलात तर त्या ओढीत पाणी आत येऊन बोट बुडते.

कल्ले_आणि_खवले
मासा न अडकण्याची दोन कारणं. एक, आमिष गळाच्या वाकणात गच्च बसलंय. हेरिंग दोनदा ओवा, टोक पूर्ण उघडं ठेवा. दुसरं, तुम्ही झटका देत असणार. सर्कल गळाला झटका दिला की तो तोंडातून तसाच बाहेर येतो. रॉड वाकून राहू द्या, मग सावकाश रील फिरवत राहा.

वर आलेला प्रत्येक चपटा मासा हॅलिबट नसतो. तोंड मोठं, दात अणकुचीदार आणि अंगावरची रेषा सरळ असेल तर तो ॲरोटूथ. शिजवला की त्याचा लगदा होतो. हॅलिबटची रेषा कल्ल्यामागच्या पराच्या वर कमानीसारखी वळते.

सुकती_भरती
मोठा लागला तर बोटीत कसा घ्यायचा?

कल्ले_आणि_खवले
जिवंत घेऊ नका, शेपटीच्या फटक्याने पाय मोडतो. दोर बांधलेला हार्पून मारा, पाण्यातच कल्ले कापून रक्त जाऊ द्या, मगच आत घ्या आणि लगेच बर्फात. फार दमलेल्या, तापलेल्या माशाचं मांस खडूसारखं पांढरं, कोरडं होतं. शंभर पौंडांवरची बहुतेक मादीच असते, ती सोडलेली बरी. बोटीवर तुकडे पाडताना कातडी काढू नका, तिथे तसा नियम आहे. रॉकफिश खोल पाण्यात परत सोडायचं साधन बोटीवर असणंही सक्तीचं आहे.

चंदेरी
सिल्व्हरसाठी: डाउनरिगर (आमिष ठरावीक खोलीवर धरणारं वजन) २० ते ६० फुटांवर, पहाटे वर, ऊन चढलं की खाली. वेग ताशी ४-५ किमी. फ्लॅशरमागे (चकाकणारी पट्टी) ७५ ते ९० सेंमी लीडर (गळाआधीचा दोराचा तुकडा), त्याला हूची (माकूळासारखं रबरी आमिष). लीडर लांबवला तर हूची मेल्यासारखी चालते. हेरिंग वापरायचं तर आदल्या रात्री बिनआयोडीनच्या मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर मऊ पडून गळावरून सुटतं. सिल्व्हर लागला की बोटीकडेच धाव घेतो, दोर सैल पडला की गेला. भराभर गुंडाळा, ड्रॅग (रीलचा ब्रेक) हलका ठेवा आणि जाळीत डोक्याकडून घ्या.