फॉलोअर लाखात आहेत म्हणून विश्वास ठेवायचा?

कोणीतरी लिहिलंय की सोशल मीडियावर जाहिराती करणारी, 5 लाख फॉलोअर असलेली इन्फ्लुएन्सर बाई खोटं बोलून स्वतःचं नाव कशाला घालवेल. मला नाही पटत हे. माझ्या वहिनीने असंच एका रीलवर विश्वास ठेवून ट्रेडिंगचा कोर्स घेतला, बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्याच 4,999 रुपये भरले कारण खाली 'ऑफर आज रात्रीपर्यंतच' असं लिहिलेलं, मग टेलिग्राम ग्रुपवर रोज कोणाच्या ना कोणाच्या नफ्याचे स्क्रीनशॉट, आणि हिने पैसे परत मागितले तर सरळ ग्रुपमधूनच काढून टाकलं. घरखर्चातून वाचवलेले पैसे होते हो ते.

तेव्हापासून मी आधी हे बघते की ही जाहिरात आहे असं सरळ सांगितलंय का. आस्कीचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी जाहिरात क्षेत्राचीच संस्था) नियम 2021 पासून आहेत, पैसे घेतले असोत की वस्तू फुकट मिळाली असो, तसं स्पष्ट दिसलं पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली इन्फ्लुएन्सरलाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

शेअरबाजाराचा सल्ला असेल तर सेबीचा (शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी नंबर मागा आणि सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, नाव तेच येतंय का ते, बायोमध्ये काय कोणीही काहीही लिहितं. आणि फसलाच असाल तर लाजून गप्प बसू नका प्लीज, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, वहिनीने ते केलंच नाही आणि मला अजून त्याची चुटपुट लागते.