मुलासोबत बसून बघण्यासारखं काही सुचवा (मोटिव्हेशनल नको)

धोटा_आणि_कांडी

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. आठ लूम, त्यातले दोन कायम आजारी. वय ५१. इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पोरगं २५ वर्षांचं. चार वर्षं पुण्यात एमपीएससी करत होतं. पूर्व दोनदा निघाली, मुख्यला दोन्ही वेळा अडकलं. जूनमध्ये हुतात्मा एक्स्प्रेसनं परत आलं, सोबत पुस्तकांच्या दोन पेट्या. त्या अजून जिन्याखाली तशाच आहेत, सुतळीसकट. तो माडीवर असतो. जेवायला खाली येतो, ताट संपवतो, वर जातो. काय झालं विचारलं की "काही नाही". डॉक्टरकडं नेलो. गोळ्या चालू आहेत, आता झोप तरी लागते. मागच्या खेपेला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, सारखं बोलतं करायला जाऊ नका, त्याच्यासोबत काहीतरी बघत बसा. सिनेमा, मालिका, काहीही.

आता अडचण अशी की लूमच्या आवाजानं माझा डावा कान गेल्यात जमा आहे. मी टीव्ही लावला की शेजारच्यांना वेगळा लावायची गरज पडत नाही. पोरगं इअरफोन घालून मोबाइलवर. एका घरात दोघांचा आवाज जुळंना.

आणि आधी मी एक घोळ घालून बसलोय, तोही सांगतो. रोज सकाळी साडेसहाला त्याला एक व्हिडिओ पाठवायचो. उठ, पळ, जिंक, असले. तीन महिने पाठवलो. मग बायकोनं सांगितलं, त्यानं तुम्हाला म्यूट केलंय. एका व्याख्यानालाही नेलो, तिकीट काढून. वक्ते म्हणाले, अपयश आलं म्हणजे तुमची भूकच कमी पडली. पोरगं उठलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीवर बसलं. मी मात्र पैसे दिलोय म्हणून शेवटपर्यंत आत बसलो. ते आठवलं की अजून लाज वाटते.

नातेवाईक सगळे 'ट्वेल्थ फेल' दाखव म्हणतात. दाखवू का? वेळ रात्रीच असतो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, तेही रात्री दीड-दोनला. पाण्याच्या रात्री आम्ही दोघं जागे असतो. मोटार मी बघतो, टाकी तो. त्या दीड-दोन तासांत बसणारं काही असेल तर सांगा.

---

कडकभाकरी९६

काका, 'ट्वेल्थ फेल' आत्ता नको. सिनेमा वाईट आहे म्हणून नाही. विधू विनोद चोप्रांनी २०२३ मध्ये तो मनापासून केलाय, आणि ज्यांच्यावर आहे ते मनोजकुमार शर्मा आयपीएस आपल्याच महाराष्ट्र केडरचे. पण त्यात यूपीएससी देणाऱ्या मुलाचं शेवटी यादीत नाव लागतं. ज्याचं लागलं नाही तो पडद्यावरच्या नावाकडं कसा बघतो, हे मला विचारा. मी परीक्षा तीन वेळा दिली. मामा मला तो सिनेमा बघायला घेऊन गेले, संपल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, जमतं." मी दोन दिवस फोन बंद ठेवला. मामांचं चुकलं असं नाही, त्यांना त्या सिनेमात मी दिसलो आणि मला त्यात मी कुठंच सापडलो नाही.

माझं मत 'डिअर जिंदगी'. २०१६ चा, गौरी शिंदेंचा. आलिया भट कॅमेरा करणारी मुलगी, शाहरुख तिचा थेरपिस्ट, गोव्यात. हिंदी असल्यामुळं तुम्हालाही सोपा जाईल. एकच इशारा: त्यातला डॉक्टर पेशंटला समुद्रावर नेऊन लाटांशी कबड्डी खेळतो. तुमचे डॉक्टर असं करणार नाहीत, तेवढं पोराला आधी सांगून ठेवा. 😄

---

जुनालूमवाला

मालक, राग मानू नका. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पोराला लूमवर बसवा. आठ दिवस सुताच्या कांड्या भरल्या की डोकं आपोआप ठिकाणावर येतं.

---

धोटा_आणि_कांडी

बसवलो की ओ. जुलैत पंधरा दिवस येत होता. काम चांगलं करतो, माझ्यापेक्षा हात साफ आहे. तुटलेला धागा मला चष्मा लावून सापडंना, तो न बघता सांधतो. पण तिथं एवढा आवाज की बोलायची सोयच नाही. सोळाव्या दिवशी आला नाही. मी विचारलो तर म्हणाला, तिथं बरं वाटतं, म्हणूनच येत नाही. मला अजून त्याचा अर्थ लागला नाही.

---

तळ्याकाठची

मी शिक्षिका आहे, पाचवी-सहावीला शिकवते. मोठ्या मुलांचा अनुभव नाही, पण एक सुचवते. हसू नका, कार्टून आहे. पिक्सारचा 'इनसाइड आउट', २०१५ चा. रायली नावाची अकरा वर्षांची मुलगी, मिनेसोटातून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. तिच्या डोक्यात पाच भावना एका बटनांच्या पाटीपुढं बसलेल्या: आनंद, दुःख, राग, भीती, किळस. आनंद नावाची ती पिवळी बया दुःखाला कशाला हात लावू देत नाही. सगळं कसं छान छान राहिलं पाहिजे!

त्यात एक प्रसंग आहे, काका, तो फक्त तुमच्यासाठी. रायलीचा लहानपणीचा काल्पनिक मित्र असतो, बिंग बाँग. त्याची लाडकी गाडी खड्ड्यात ढकलली जाते आणि तो मटकन बसतो. आनंद काय करते? गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते, चल चल उशीर होतोय म्हणते. तो हलत नाही. मग दुःख, ती निळी, जाऊन नुसती त्याच्याशेजारी बसते आणि म्हणते, तुझी गाडी गेली, वाईट झालं. तो रडतो. रडून झालं की उठतो आणि म्हणतो, चला, रस्ता इकडून आहे.

तुमचं साडेसहाचं वाचलं आणि मला तो प्रसंगच आठवला. माफ करा, तोंडावर सांगतेय. मी स्वतः वर्गात पाच वर्षं ती पिवळीच होते.

सिनेमा दीड तासाचा आहे, तुमच्या टाकीच्या हिशोबात बसतो. २०२४ ला दुसरा भाग आलाय, त्यात चिंता नावाचं नारिंगी पात्र येतं. ते नंतर बघा, आधी पहिला.

---

वाचनालयाचा_सभासद

वय ६८, त्यामुळे मराठीच सुचवणार.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीनं मनाच्या आजारांवर जेवढं काम मराठीत करून ठेवलंय तेवढं दुसऱ्या कुणी केलेलं मला ठाऊक नाही. 'देवराई' २००४ चा. त्यात स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला सांभाळताना दमून जाणारी बहीण. शेष झालेला अतुल कुलकर्णी म्हणजे सोलापूरचाच मुलगा, इथल्या नाट्य आराधना या नाट्यसंस्थेत उभा राहिलेला. आम्ही त्या वेळी अभिमानानं बघायला गेलो आणि परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही. माझ्या धाकट्या भावाला तोच आजार होता. घरात आम्ही त्याला "तापट" म्हणायचो. कित्येक वर्षं तापट. सिनेमा बघून आल्यावर आईनं पहिल्यांदा दुसरा शब्द वापरला, "आजारी". एवढंच झालं, पण झालं.

तुमच्यासाठी मात्र 'देवराई' नव्हे, 'कासव'. २०१६ च्या सिनेमांत त्याला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. आलोक राजवाडे हा नैराश्यातला तरुण, इरावती हर्षे त्याला आसरा देणारी जानकी, आणि डॉ. मोहन आगाशे, जे मुळात मनोविकारतज्ज्ञच आहेत. कोकणातला किनारा, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम. जानकी त्या मुलाला खोदून खोदून विचारत नाही. जेवायला वाढते, जागा देते, वाट बघते. आपल्याकडच्या सिनेमात कुणी कुणाची अशी वाट बघताना मी क्वचितच पाहिलंय.

पण मालक, एक लक्षात ठेवा. तो मुलगा सुरुवातीला जीव द्यायच्या टोकाला गेलेला आहे. आधी तुम्ही एकट्यानं बघा. डॉक्टरांना विचारा. मगच पोरासमोर लावा, आणि लावण्याआधी त्याला सांगा की यात असं असं आहे. न सांगता लावू नका.

---

सात_रस्ता

वरच्या काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून अधोरेखित. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, नाव-गाव इथं देत नाही. सिनेमा गोळीची जागा घेत नाही, दोन गोळ्यांमधला वेळ मात्र बरा जातो. मुलाच्या बोलण्यात मरणाचा विषय आला, वस्तू वाटून टाकणं वगैरे दिसलं, तर सिनेमा बाजूला ठेवून लगेच डॉक्टर. रात्रीबेरात्री टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता, बापांना बंदी नाही.

ऐकायला काही हवं असेल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल. डॉ. आनंद नाडकर्णींनी ही संस्था १९९० ला सुरू केली. तिथं मराठीत, घरातल्यासारखं बोलतात, ओरडत नाहीत.

आणि मुलाला वाचायची सवय असणारच (पेट्या बघता), तर अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस'. एलिस म्हणजे आरईबीटी या विचार बदलून भावना सावरायच्या मानसोपचार पद्धतीचा जनक, जी आपल्याकडे डॉ. कि. मो. फडक्यांनी रुजवली. एलिसचा एक किस्सा सांगते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याला मुलींशी बोलायची इतकी भीती की अंगाला कापरं. मग तो रोज न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायला लागला. बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं, असा नियम. महिन्याभरात शंभर जणींशी बोलला. त्यातल्या एकीनं भेटायचं कबूल केलं. तीही आली नाही! पण भीती गेली. स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना हा किस्सा मी नेहमी सांगते, कारण यात शेवटी यादीत नाव लागत नाही.

---

धोटा_आणि_कांडी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, आणि काय झालं ते सांगतो.

पहिल्या पाण्याला 'इनसाइड आउट' लावलो. पोराचा लॅपटॉप, जिन्याच्या पायरीवर ठेवलेला, कारण तिथून मोटारीचा आवाज मला कळतो. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, मला दहावीला इंग्रजीत ३८ होते. दहा मिनिटं मी नुसता रंग बघत बसलो. मग त्यानंच थांबवलं आणि म्हणालं, पप्पा, तुम्हाला काही कळेना झालंय ना? तिथून पुढं थांबवून थांबवून मराठीत सांगत गेलं. दीड तासाचा सिनेमा पावणेतीन तास चालला. जूनपासून एवढं सलग बोललेलं मी ऐकलो नव्हतो, आणि उजव्या कानाला बसल्यामुळं सगळं ऐकू आलं.

तो गाडीचा प्रसंग आला. मी काही बोललो नाही, मॅडम, शपथ. तोच म्हणाला, "ती पिवळी म्हणजे तुम्ही." मी म्हणालो, मग निळी कोण? तर म्हणाला, "मम्मी." बायको आतून ओरडली, मला निळी कोण म्हणालं? टाकी केव्हाच भरून वाहायला लागली होती. शेजारचे उठून आले, पाणी वाया घालवता म्हणून चार शब्द ऐकवून गेले. बरोबरच होतं त्यांचं.

'कासव' काकांनी सांगितल्याप्रमाणं आधी एकटा बघितलो, कारखान्याच्या ऑफिसात, दुपारी, शटर ओढून. मुकादम दोनदा दार वाजवून गेला. डॉक्टरांना फोन केलो, ते म्हणाले त्याला आधी सांगा, त्याला हो म्हणू दे. सांगितलो. हो म्हणाला. पंचवीस-तीस मिनिटं बघितलं आणि "नंतर बघू" म्हणून वर गेला. मी घाबरलो. रात्रभर जिन्याचा दिवा चालू ठेवलो. सकाळी खाली आला, शेंगा चटणीचा डबा पुढं ओढला आणि म्हणाला, भाकरी आहे का अजून. बाकी काही नाही.

कालच्या पाण्याला विचारला, त्या कासवांचं शेवटी काय झालं. मी सांगितलो नाही. पुढच्या खेपेला बघू म्हणालो. बरं केलो का चुकलो, माहीत नाही.

जुनालूमवाले, पोरगं सोमवारपासून दुपारी दोन तास कारखान्यात येतंय. मी बोलावलो नव्हतो. पेट्या अजून जिन्याखालीच आहेत, विचारलोही नाही.

आता एक मदत करा. स्मार्ट टीव्हीवर खालची अक्षरं मोठी कशी करायची? पोराला विचारलं तर तो म्हणतो, कशाला, मी सांगतो की.