बीपी लपवला म्हणून बाबांचा क्लेम नाकारला, आता काय करायचं?

ओवी_लेक: नमस्कार, बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि कंपनीने मेडिक्लेम नाकारला, वर पॉलिसीही रद्द केली. कारण काय तर बीपी आधीपासून होता आणि तो सांगितला नाही. डिस्चार्ज समरीत "बीपी ८ वर्षांपासून" असं लिहिलंय, आणि तो आकडा ॲडमिट करायच्या गडबडीत मीच अंदाजाने सांगितला होता, तेच आता डोक्यात फिरतंय. फॉर्म एजंटने भरलेला, सगळीकडे निळ्या पेनाने "नाही"वर टिक आणि खाली बाबांची काळ्या पेनाची सही. गोळी चालू आहे हे एजंटला तोंडी सांगितलं होतं हो. बहीण यूकेला असते, ती म्हणते तिकडे असा अख्खा क्लेम उडवत नाहीत. खरंय का?

धागादोरा: बहीण बरोबर सांगतेय. पूर्वी तिथेही नियम कडकच होता, कंपनीला जे महत्त्वाचं वाटेल ते तिने न विचारता आपणच सांगायचं, १७६६ च्या एका खटल्यापासून चालत आलेलं आणि १९०६ च्या कायद्यात पक्कं झालेलं. २०१२ ला ग्राहकांसाठी नवा कायदा आला, तो २०१३ पासून लागू आहे. आता विचारलेल्या प्रश्नांची नीट काळजी घेऊन उत्तरं दिली की बास. चूक निष्काळजीपणाची असेल तर बघतात की खरं कळलं असतं तर कंपनीने काय केलं असतं. हप्ता १०० घेतला आणि १२५ घेतला असता, तर क्लेमचे ८० टक्के देतात. मुद्दाम खोटं बोलला असाल तर मात्र काही नाही. ऑस्ट्रेलियातही ग्राहकांच्या पॉलिसींना ऑक्टोबर २०२१ पासून "विचारलं ते नीट सांगा" असाच नियम आहे. आपल्याकडे प्रमाणात पैसे देण्याची अशी तरतूद कायद्यात नाही, आणि माझ्या मते तीच यायला हवी, कारण एका चुकलेल्या टिकची शिक्षा म्हणून शून्य रुपये हा न्याय नाही.

खडूफळा: ताई, एक कडू गोष्ट आधी सांगतो. एजंटने भरला, आम्ही न वाचता सही केली, एवढ्यावर जाऊ नका, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने एका जीवन विम्याच्या केसमध्ये ही सबब मान्य केली नव्हती. पण २०२१ ला त्याच कोर्टाने एका प्रवास विम्याच्या केसमध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, त्याने डायबेटिस सांगितला होता आणि कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नाही म्हणून क्लेम नाकारला होता. म्हणून फॉर्मवर नेमका प्रश्न काय छापलाय ते शब्दाशब्दाने वाचा. आणि मुख्य म्हणजे पॉलिसी किती वर्षांची? मधे पोर्ट केली होती का, म्हणजे जुनी पॉलिसी खंड न पाडता दुसऱ्या कंपनीकडे नेली होती का?

ओवी_लेक: या कंपनीत ४ वर्षं २ महिने. त्याआधी दुसरीकडे २ वर्षं होती, तिथून पोर्ट केली, खंड नाही. पोर्ट करताना विम्याची रक्कम दुप्पट केली होती.

खडूफळा: अहो मग हे आधी सांगायचं ना! हेल्थ पॉलिसीला सलग ६० महिने झाले की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षं होती, ती ५ वर आणली. पोर्ट केलेल्या पॉलिसीचे आधीचे महिने त्यात धरतात. तुमचे ७४ होतात. फक्त वाढवलेल्या रकमेचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात, तेवढं बघा.

शांत_पाणी: आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, सोबत जुन्या कंपनीची पॉलिसी आणि पोर्टिंगचे कागद जोडा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला लागतं. फॉर्मची कॉपी लेखी मागून घ्या. आणि तो ८ वर्षांचा आकडा अंदाजाने सांगितला होता हेही लिहा, पहिली गोळी लिहून दिलेला केसपेपर मिळाला तर तोच लावा. स्वतःला दोष देऊ नका, ॲडमिट करताना कुणाच्या हातात फाईल असते.

ओवी_लेक: कपाटातून जुनी पॉलिसी काढली. बिल जुन्या रकमेच्या आतच बसतंय. बाबांना आत्ताच सांगितलं, ते चष्मा लावून परत परत तारीख वाचतायत. उद्या पत्र टाकते.