कर्णाचं व्यक्तिचित्रण मूळ महाभारतावरून लिहायचं तर कुठले प्रसंग घ्यावेत?

मसिपात्र:
कर्णावर दीड हजार शब्दांचा लेख लिहितोय, सूत्र 'जन्म की कर्तृत्व'. पण खर्डा दर वेळी वकिलीकडे झुकतो. एकतर कर्णाची कैफियत होते, नाहीतर द्यूतसभा पुढे करून त्याच्यावरचं आरोपपत्र. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. संहिता कुठली धरावी? प्रसंग किती घ्यावेत? आणि स्वयंवरात द्रौपदीनं 'सूताला वरणार नाही' म्हणून केलेला अपमान आणि सभेतलं कर्णाचं बोलणं यांचा कार्यकारणभाव जोडावा का?

पोथीवाचक:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लेख तिथेच घसरतात. 'नाहं वरयामि सूतम्' हे वाक्य नीलकंठ या टीकाकाराची टीका ज्या पाठावर आहे त्या प्रचलित पाठात मिळतं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ते मुख्य संहितेत नाही, वगळलेल्या पाठांमध्ये आहे. उलट त्याच आवृत्तीत, आदिपर्वाच्या १७९व्या अध्यायात, अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा ब्राह्मण म्हणतात की जे धनुष्य कर्ण, शल्य अशांनाही वाकवता आलं नाही, ते हा बटू काय वाकवणार! म्हणजे या पाठात कर्णाला नकार मिळालेला नाही, तो पणातच हरला आहे. 'अपमान झाला म्हणून सूड घेतला' ही साखळी चिकित्सक पाठावर उभीच राहत नाही.

संहिता एकच धरा आणि पहिल्याच परिच्छेदात तिचं नाव सांगा. भांडारकर आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं, हस्तलिखितं ताडून ती सिद्ध झाली आहे आणि खालच्या तळटिपांत पाठभेद दिलेले आहेत. इतर छापील प्रतींत अध्यायांचे आकडे मागेपुढे होतात, त्यामुळे आकडा देताना आवृत्तीही लिहा. मी खाली जे आकडे देतोय ते भांडारकर प्रतीचे आहेत.

प्रसंग चारच घ्या. दीड हजार शब्दांत आठ प्रसंग कोंबले की नुसता कथासारांश होतो. प्रत्येक प्रसंगासाठी आधी कागदावर पाच गोष्टी टिपा: कोण बोलतंय, कुणाला उद्देशून, ऐकायला आणखी कोण आहे, त्या क्षणी कर्णाला स्वतःबद्दल काय ठाऊक आहे, आणि हे आपल्याला निवेदक सांगतोय की एखादं पात्र. शेवटचा रकाना सोडू नका. मयसभेतल्या दुर्योधनाच्या फजितीचंच बघा. सभापर्व ४३ मध्ये निवेदक वैशंपायन सांगतात तेव्हा हसणाऱ्यांत भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक आहेत, द्रौपदीचं नाव नाही. ४६ मध्ये दुर्योधन तीच हकिकत बापाला सांगतो तेव्हा त्यात कृष्ण येतो आणि बायकांसह हसणारी द्रौपदीही येते. घटना एकच, पण दुसरं कथन म्हणजे दुर्योधनाच्या मनातली जखम आहे. ते पुरावा म्हणून वापरायचं असेल तर दुर्योधनाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरा.

अनुष्टुभ:
प्रसंगांपैकी रंगभूमीचा, म्हणजे राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्याचा, सोडू नका, आदिपर्व १२७. तिथले बारकावे विलक्षण आहेत. अंगदेशाचा अभिषेक नुकताच झालेला, कर्णाचं डोकं अजून ओलं. एवढ्यात घामाघूम अधिरथ काठी टेकत आत येतो. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि त्या ओल्या मस्तकानं वाकून नमस्कार करतो. अधिरथ गडबडून जातो, वस्त्राच्या पदरानं आपले पाय झाकून घेतो आणि 'पुत्रा' म्हणतो. मग अभिषेकानं भिजलेलं ते मस्तक आसवांनी पुन्हा भिजवतो. राजा झालेल्या मुलाचा नमस्कार पायांवर घ्यायला तो संकोचतो, आणि मुलगा मात्र भर सभेत वाकतो. भीमाचा 'चाबूक हाती घे' हा टोमणा याच्या नंतर येतो. कर्ण जन्मामुळे लाजतो असं लिहिणाऱ्यानं हा क्रम एकदा नीट वाचावा.

दुसरं म्हणजे नावं मोजा. सूतपुत्र, राधेय, वैकर्तन, वसुषेण, अंगराज: कोण कुठलं नाव केव्हा वापरतं त्याची यादी केली की अर्धं विश्लेषण हातात येतं. उद्योगपर्व १४३ मध्ये कुंती भेटायला येते तेव्हा कर्ण स्वतःची ओळख 'राधेयोऽहमाधिरथिः' (मी राधेचा, अधिरथाचा मुलगा) अशी करून देतो. कुंतीचं पहिलंच वाक्य त्यावर घाव घालतं, 'कौन्तेयस्त्वं न राधेयः' (तू कुंतीचा, राधेचा नव्हेस). आणि लक्षात घ्या, कर्णाला तेव्हा सगळं ठाऊक आहे. त्याआधीच १३९ मध्ये तो कृष्णाला सांगून चुकला आहे की मी धर्मानं पांडूचा पुत्र आहे हे मी जाणतो. म्हणजे 'राधेय' ही त्याची निवड आहे. कारणंही तो तिथेच देतो: राधेला फुटलेला पान्हा, तिनं काढलेलं मलमूत्र, अधिरथानं केलेलं जातकर्म, सूतकुळातल्या बायका, मुलं, नातवंडं.

मसिपात्र:
नावांची यादी आजच करायला घेतो. पण मग सभेतल्या त्या भाषणाचं काय करायचं? अपमानाचं कारण गेलं तर ते भाषण आणखीच भयंकर वाटायला लागतं.

पोथीवाचक:
भयंकर आहेच, ते सौम्य करू नका. फक्त भाषण कुणाला उत्तर म्हणून आलं ते सांगा. सभापर्व ६१ मध्ये दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उभा राहून द्रौपदी जिंकली गेलेली नाही असं सांगतो, सभेतून त्याला दाद मिळते, आणि कर्ण ती दाद मोडायला उठतो. द्रौपदीला बंधकी (वेश्या) म्हणणं, पांडवांची आणि तिची वस्त्रं उतरवण्याचा हुकूम, सगळं त्या खंडनात येतं. दुर्योधनाची बाजू निसटते आहे असं दिसलं की कर्ण सर्वांत आधी आणि सर्वांत टोकाचं बोलतो. हीच त्याच्या मैत्रीची रीत.

आता १३९वा अध्याय पुन्हा काढा. कृष्णापाशी तो कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कडू बोललो, त्याचा मला आज ताप होतो. श्लोकात 'पाण्डवान्' आहे, द्रौपदीचं नाव नाही. ही उणीव लेखात नोंदवा. पुढे चौदाव्या दिवशी भीमाला निःशस्त्र करून कुंतीला दिलेल्या शब्दाखातर तो जिवंत सोडतो, पण धनुष्याच्या टोकानं डिवचतो, खादाड म्हणून हिणवतो. शब्द पाळला आणि जीभ तशीच राहिली. तुमच्या लेखाचं सूत्र मला इथे दिसतं. 'जन्म की कर्तृत्व' या प्रश्नाला कर्ण स्वतः १३९ मध्येच उत्तर देऊन मोकळा झालाय.

दीपमाळ:
एका मुद्द्यावर असहमत. प्रचलित पाठ बाद समजू नका. शतकानुशतकं लोकांनी कर्ण त्या पाठातूनच ऐकला. विषय 'लोकमानसातला कर्ण' असा असेल तर द्रौपदीचा नकार हाच मुख्य पुरावा ठरतो: ऐकणाऱ्यांना कर्णाच्या रागाला कारण हवं होतं. दोन पाठ एका वाक्यात मिसळायचे नाहीत, एवढंच पथ्य.

निष्ठेचं सूत्र घेणार असाल तर कर्णाला एकटा तपासू नका, विकर्ण आणि युयुत्सू शेजारी ठेवा. विकर्ण सभेत विरोध करतो, तरी कौरवांकडूनच लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. वैश्य स्त्रीपासून झालेला धृतराष्ट्रपुत्र युयुत्सू युद्ध सुरू होताना, सगळ्यांच्या देखत, पांडवांकडे जातो. कर्णाला तर पलीकडे थेट राज्य देऊ केलं होतं. बाजू बदलता येत नव्हती असं म्हणायला महाभारत जागाच ठेवत नाही.

अनुष्टुभ:
दीपमाळ यांचं युयुत्सूचं उदाहरण नेमकं आहे. फार तर दोनशे शब्द द्या, नाहीतर लेख त्याचाच होईल.

राहिलं दान. 'कवचकुंडलं निरपेक्षपणे दिली' असं लिहू नका. आरण्यकपर्वात सूर्य आधी स्वप्नात येऊन बजावतो, आणि द्यायचीच असतील तर बदल्यात अमोघ शक्ती माग असं सांगतो. कर्ण तशी मागून घेतो. इंद्राची अट असते की ती एकदाच चालेल. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडते, कारण कौरव सैन्य मोडत चाललेलं असतं आणि कौरव 'आत्ताच मार' म्हणून ओरडत असतात. पुन्हा तेच, दुर्योधनाची निकड. चौथा प्रसंग म्हणून हाच घ्या.