अनुभव धागा: तुमच्या ऑफिसातला हिस्पॅनिक वारसा महिना

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरचा, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं सांगणाऱ्या लोकांचा, हा सोहळा ठाऊक असेलच. कँटीनमध्ये पताका, टॅको, आणि एचआरची रंगीबेरंगी ईमेल. १९६८मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या काळात आठवडा म्हणून सुरू झालेला हा उत्सव १९८८मध्ये रेगन यांच्या सहीने महिनाभराचा झाला. महिन्याच्या मध्यातच सुरुवात, कारण ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाचही देश १८२१ सालच्या १५ सप्टेंबरला आपला स्वातंत्र्यदिन मानतात. मेक्सिकोचा सोळाला, चिलेचा अठराला. पण ही माहिती कुठेही मिळेल. तुमच्याकडे राबलं कोण, ठरवलं कोणी आणि पंगतीला कोण बसलं, ते लिहा. पुण्यात बसून तिकडच्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनीही लिहा.

न्यू जर्सी, औषध कंपनी
आमच्या कँटीनचं कंत्राट बाहेरच्या कंपनीकडे आहे. भटारखान्यातल्या बहुतेक जणी डॉमिनिकन आणि एक्वादोरच्या. पहिल्या वर्षी समितीने मेनू ठरवला: टॅको आणि नाचोज. म्हणजे ज्यांचा वारसा साजरा करायचा त्यांनीच दुसऱ्या देशाचं जेवण रांधायचं आणि वर मेक्सिकन टोप्या घालून वाढायचं! समितीत पेरूमधल्या लिमाचा एक केमिस्ट होता. पुढच्या वर्षी तो सरळ आत गेला आणि "तुम्ही घरी काय करता?" असं विचारून आला. मग सांकोचोचं पातेलं चढलं, मांस, कच्ची केळी आणि कंद घालून केलेलं दाट कालवण. जोडीला एक्वादोरचा एन्सेबोयादो, मासा-कांद्याचा रस्सा, त्यात युका. युका म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. खरी झटापट पुढे होती. त्या बायकांना जेवायला टेबलावर बसवायचं तर तो तास कंत्राटदार पगारात धरणार नव्हता. शेवटी समितीने डीजेचे पैसे वाचवून त्या तासाचे भरले. संगीताविना कार्यक्रम झाला, कुणाचं अडलं नाही.

शिकागो, विद्यापीठाची लॅब
आमच्याकडे हा महिना बरेचदा पितृपक्ष आणि नवरात्राला गाठतो. मी उपासाची, त्यामुळे पॉटलकला नुसतीच चहा पीत बसले होते. लॅबमधल्या मेक्सिकन तंत्रज्ञ बाईंनी डबा पुढे केला, तर आत राजगिऱ्याच्या वड्या! तिकडे त्यांना अलेग्रिया म्हणतात. राजगिरा मूळचा तिकडचाच. अ‍ॅझटेक लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करून पूजेनंतर वाटून खात, आणि नेमकं तेच स्पॅनिश पाद्र्यांच्या डोळ्यांत खुपलं. मी आमची उपासाची यादी सांगत गेले: शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, साबुदाणा. बाई प्रत्येक नावाला "आमचं, आमचं" म्हणत हसत होत्या. भगर आणि दूधदुभतं सोडलं तर माझ्या उपासात त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. (आईला फोनवर सांगितलं. तिला पटलेलं नाही.) पुढच्या शनिवारी त्यांनी मला इथल्या पिल्सन भागातल्या मेक्सिकन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. प्रवेश फुकट आहे, जरूर जा.

ह्यूस्टन, तेल क्षेत्र
आमच्या मजल्यावर दरवर्षी आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, नक्की कुणाचा यावरून व्हेनेझुएला आणि कोलंबिया यांच्यात रीतसर भांडण होतं. भिंतीवर अंतराळवीर एलेन ओचोआ यांचं पोस्टर. १९९३मध्ये अंतराळात जाऊन आल्या आणि पुढे इथल्याच जॉन्सन स्पेस सेंटरच्या संचालक झाल्या, म्हणून आमच्या गावाला त्यांचं कौतुक जरा जास्तच. पण मला आठवतो तो आमचा ड्राफ्ट्समन. १८४५मध्ये टेक्सस अमेरिकेत आलं, त्याच्याही आधीपासून त्याचं घराणं इथलं. त्याला स्पॅनिश येत नाही, आजोबांना शाळेत ती बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून त्यांनी मुलांना शिकवलीच नाही. दर सप्टेंबरला कोणीतरी त्याला "तुम्ही मूळचे कुठले?" विचारतं आणि तो शांतपणे काउंटीचं नाव सांगतो. एक ब्राझिलियन सहकारी कायम कडेला उभा असायचा, कारण त्याची भाषा पोर्तुगीज. त्याला आमचे मडगावचे सायब भेटले आणि दोघं जे गप्पांना बसले ते कार्यक्रम संपला तरी उठेनात.

फ्रेझ्नो, इस्पितळ
मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या नर्स आणि मदतनीस वर्षभर स्वतःचं काम टाकून दुभाष्याचं काम करतात. शेतमजूर पेशंट, रात्री दोन वाजता आलेला, छातीत कळ येतेय की जळजळ होतेय एवढं तरी कळायला हवं ना! महिना आला की याच जणींना स्टेजवर बोलावून सत्कार आणि केक. एका वर्षी त्यांनी केक नको म्हणून कळवलं आणि दुभाषी कामाचा वेगळा भत्ता मागणारा अर्ज सह्यांसकट दिला. मीही सही केली. व्यवस्थापनाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भाषेची परीक्षा घेऊन तासामागे थोडी वाढ मिळाली, तीही पुढच्या वर्षी. केक परत सुरू झालाय.

डॅलस, गोदाम
प्रवेशद्वारावर "ब्येनवेनिदोस"चा (स्पॅनिशमध्ये सुस्वागतम) फलक आणि आत पाटी: फक्त इंग्रजी बोला, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या नियमावलीत असा सरसकट, सर्व वेळचा नियम भेदभावाचाच धरला जातो. मी छापील कागद एचआरच्या टेबलावर ठेवला. पाटी गेली.

पुणे, हिंजवडी
आमची अर्धी टीम मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला. अमेरिकेतल्या क्लायंटने सर्वांना मिळून "हॅपी हिस्पॅनिक हेरिटेज" पाठवलं आणि वर सोळा सप्टेंबरला रिलीज ठेवलं! तिकडचा लीड म्हणाला, "आम्ही मेक्सिकन. हिस्पॅनिक व्हायला आधी सीमा ओलांडावी लागते." रिलीज पुढे ढकललं. मेक्सिकोत पंधराच्या रात्री अकराला राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून घंटा वाजवून स्वातंत्र्याची आरोळी देतात, १८१०मध्ये दोलोरेस गावच्या पाद्री इदाल्गोंनी दिली तशी. तेव्हा आपल्याकडे सोळाच्या सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, नेमकी आमच्या स्टँडअपची, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीची वेळ. २०२५मध्ये क्लाउदिया शेनबॉम यांनी ती दिली, राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्यांदाच एका बाईने. आम्ही मोठ्या पडद्यावर लावलं. कॉन्फरन्स रूममधून "व्हिवा मेक्सिको"चा गजर ऐकून शेजारच्या प्रोजेक्टवाले धावत आले, त्यांना वाटलं बोनस जाहीर झाला.

व्हर्जिनिया, सरकारी कंत्राट
२०२५च्या जानेवारीत संरक्षण खात्याने असे सगळे वारसा महिने कार्यालयीन वेळेत साजरे करणं बंद केलं. त्या सप्टेंबरला ना पोस्टर, ना ईमेल. तरी जेवणाच्या सुट्टीत साल्वादोरच्या एका सहकाऱ्याने बायकोने केलेल्या पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, आणल्या, आणि मागून एकेकाचे डबे निघत गेले. मी राजगिऱ्याचा प्रयोग करून नेणार होते. शिकागोच्या ताई, पाक मधाचा करता की गुळाचा? इकडच्या मेक्सिकन दुकानातली पिलोन्सियोची, म्हणजे तिकडच्या गुळाची, ढेप मला बत्त्यानेही फुटत नाहीये.